परशुरामपंतांचा खुबा

मी एक जुने मांडीचे हाड आहे. नाके मुरडू नका, मित्रांनो. माझ्यासारखी दोन हाडे या क्षणी तुमच्याही अंगात आहेत, आणि तुम्ही त्यांची कधी विचारपूससुद्धा केलेली नाही. माणसाच्या देहात माझ्याइतके लांब आणि बळकट हाड दुसरे नाही. ज्या माणसांना आम्ही उभे धरतो, ती मात्र बहुतेक पोकळ निघतात. पोकळ मीही आहे, पण माझ्या पोकळीत निदान मगज होता.

कळव्याच्या मिठागरात टोपल्या वाहणाऱ्या एका गड्याच्या अंगात मी वाढले. तो मुंबईच्या एका इस्पितळात बेवारस मेला. मग मला उकळून, घासून पांढरे केले आणि शिकणाऱ्यांच्या टेबलावर ठेवले. ती मुले पोपटासारखी घोकत: वर चेंडूसारखे डोके, ते खुब्याच्या खोबणीत फिरते, त्याखाली तिरपी मान, मानेच्या बुडाशी दोन उंचवटे, त्यांना स्नायू धरतात, खाली गुडघ्यापाशी दोन गोल टोके. परीक्षा झाली की सगळे विसरत.

हरिहर तेवढा विसरला नाही. डॉक्टर होऊन ठाण्याला परतताना त्याने मला बरोबर आणले आणि आपल्या दवाखान्यात मांडले. हे १८८० नंतरचे. गल्लीत गहजब झाला. त्याचे सख्खे काका, वकील परशुरामपंत, दारातूनच ओरडले, "हऱ्या, प्रेताचे हाड ते! खाडीत टाक."

"काका, असंच हाड तुमच्याही अंगात आहे."

"माझ्या अंगातले हाड ब्राह्मणाचे आहे!"

मूर्खपणा मी पुष्कळ ऐकला होता, पण इतका ठणकावून सांगितलेला हा पहिलाच. पंतांच्या धाकाने रोगी फिरकेनात. हरिहर माझ्यावरची धूळ झटकत बसे.

आश्विनातल्या एका सकाळी पंत तलावाच्या शेवाळलेल्या पायरीवरून घसरले. थोड्या वेळाने त्यांची बायको, गंगुबाई, दवाखान्यात धावत आल्या. पूजेवरून तशाच उठलेल्या, सोवळ्यात.

"हरी, हाडवैद्य आलाय. खुबा निखळलाय म्हणतो, ओढून बसवणार आहे. हे तर नुसते कण्हताहेत रे!"

"पाय आखूड दिसतोय का? पाऊल बाहेर कलंडलंय?"

"हो, दोन्ही."

"मग निखळला नाही, मोडलाय. ओढाओढ केली तर तुकडे मांसात घुसतील. पण काकू, मला ते उंबरा ओलांडू देणार नाहीत."

गंगुबाईंनी माझ्याकडे पाहिले. "कुठे मोडलंय? दाखव."

हरिहरने माझ्या मानेच्या बुडाशी बोट ठेवले. त्यांनी मला सरळ उचलले.

"काकू, तू सोवळ्यात आहेस!"

"सोवळं पुन्हा नेसता येतं. कुंकू नाही."

पदराखाली न झाकता, सगळ्या गल्लीदेखत त्या मला घेऊन चालल्या. हरिहर मागून. ओट्यांवरचे धट्टेकट्टे पुरुष भिंतींना चिकटले. इतक्या जाडजूड मांड्या, आणि एकीतही दम नाही.

घरात हाडवैद्याने पंतांचा घोटा धरला होता. "थांबा," गंगुबाई म्हणाल्या आणि मला पंतांच्या तोंडासमोर धरले. "डोळे उघडा. तुमचं इथे मोडलंय. ओढलं तर जन्मभर खाटेवर पडाल. हरीला आत घेऊ की नको?"

कोर्टात तासन्‌तास बोलणाऱ्या त्या माणसाने आधी हाडवैद्याकडे पाहिले. मला पाहून त्यांनी डोळे गच्च मिटले.

"घे," शेवटी ते पुटपुटले.

हरिहरने काखेपासून टाचेपर्यंत फळी बांधली, पाय आखडू नये म्हणून त्याला हलके वजन टांगले आणि दोन-अडीच महिने काकांना हलू दिले नाही. हाड जुळले. पाय बोटभर आखूड राहिला, एवढेच.

तुम्हाला वाटेल, पंतांना आता तरी शहाणपण आले असेल. छे! काठी टेकत उठल्यावर त्यांनी आधी भटजींना बोलावले आणि हाडाला शिवली म्हणून बायकोला प्रायश्चित्त घ्यायला लावले. गंगुबाईंनी पंचगव्य एका घोटात संपवले आणि भांडे खाली आपटले.

पायऱ्यांवर जपून पाऊल टाका, मित्रांनो. आपल्या अंगात काय आहे, ते जिवंतपणीच विचारून घ्या. मेल्यावर विचारायला तोंड राहत नाही. एवढ्या वर्षांत आपणहून विचारणारे एकच माणूस मला भेटले. प्रायश्चित्ताच्या दुसऱ्या दिवशी दुपारी गंगुबाई दवाखान्यात आल्या, मला मांडीवर घेऊन बसल्या आणि म्हणाल्या, "हरी, फळी बांधताना तू म्हणालास ना, गुडघ्याच्या खाली दोन हाडं असतात? का रे? एकाने भागत नाही?"