टॉलिव्हरचा शब्द

अमेरिकेच्या सिनेटमध्ये मतदानाची घंटा झाली आणि मी सज्जातल्या बाकाच्या टोकाला सरकून बसले. आमचे सिनेटर व्हिटकोम आणि त्यांची सहायक मी, तीन वर्षं मदतीच्या कायद्यातल्या या एका दुरुस्तीमागे हात धुऊन लागलो होतो. मित्रदेश चोरून अणुबॉम्ब बनवत असेल तर त्याची लष्करी मदत बंद. दरवर्षी राष्ट्राध्यक्षांनी 'त्यांच्याकडे बॉम्ब नाही' असं सही करून सांगायचं, तरच विमानं जाणार.

आणि आज नेमका आमच्या बाजूचा हॅलडेन बायकोच्या ऑपरेशनसाठी गावी गेलेला. तो नाही म्हणजे मतं समसमान, आणि समसमान म्हणजे दुरुस्ती पडली.

"पैज हरलीस. आजचं कँटीनमधलं घेवड्याचं सूप तुझ्याकडून," शेजारी बसलेला ड्वेन पुटपुटला. हा विरोधकांच्या म्होरक्याचा, टॉलिव्हरचा सहायक.

"अजून नावं संपली नाहीत. गप बस."

टॉलिव्हरनं सकाळीच आमची सालटी काढली होती. त्याच्याकडून आशा ठेवण्याइतकी मी खुळी नव्हते.

"मिस्टर टॉलिव्हर," कारकुनानं पुकारलं.

म्हातारा काठी टेकत उठला. "मत दिलं असतं तर मी 'नाही' म्हणालो असतो. हॅलडेन इथं असता तर 'हो' म्हणाला असता. काल त्याचा फोन आला होता. तू नाहीस तर मीही मत देणार नाही, असा शब्द दिलाय मी त्याला." एवढं बोलून तो खाली बसला.

विरुद्ध बाजूचा कुणी अडचणीनं गैरहजर असेल तर आपलंही मत राखून ठेवायचं, ही इथली जुनी रीत. पण इतक्या अटीतटीच्या मतदानात ती कोण पाळतं? ड्वेनचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. शेवटी व्हिटकोमनी 'हो' म्हटलं आणि आम्ही एका मतानं जिंकलो. मी आनंदानं उडीच मारली. पहारेकऱ्यानं डोळे वटारले तेव्हा कुठे भानावर आले.

बाहेर मी टॉलिव्हरला गाठलं. "फार उपकार झाले, सिनेटर."

"उपकार कसले? कायदा तुझा मूर्खपणाचाच आहे, पोरी. मी शब्द मोडला असता तर कुणी माझं काय वाकडं केलं असतं? तुझा कायदाही असाच एका माणसाच्या शब्दावर उभा आहे. बॉम्ब दिसत असूनही राष्ट्राध्यक्षानं 'नाही' म्हणून सही ठोकली, तर त्याला जाब कोण विचारणार?"

मघाची उडी आता मलाच खुळेपणाची वाटली. तरी म्हणाले, "मी विचारीन. दरवर्षी."

म्हाताऱ्यानं मला नीट न्याहाळलं आणि मागे वळून हाक मारली, "ड्वेन, हिला सूप पाज. हिला पुष्कळ वर्षं भांडायचंय."