फर्निचर हलवल्याचा आवाज

खडकी सोडायची घाई सुशीलाबाईंनाच झाली होती, आणि तिचं खरं कारण त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्याला, म्हणजे रंगनाथरावांना, त्या म्हणाल्या की क्वार्टरला ओल फार आहे. मुलाला, अभिनवला, त्यांनी बंगळूरला फोन करून सांगितलं की बाबा रिटायर झाले की क्वार्टर सोडावंच लागेल, तर धायरीकडे एखादा फ्लॅट बघ, तिकडे गावासारखी मोकळी हवा आहे. खरं कारण एवढंच होतं की त्यांना शेजाऱ्यांच्या नजरा नकोशा झाल्या होत्या. आपल्याला नवरा मारतो हे सगळ्या लाइनीला ठाऊक असताना रोज त्याच बायकांमध्ये नळावर उभं राहणं म्हणजे काय, ते जिचं तिलाच कळावं.

रंगनाथराव मारत असत. तसे ते दारूगोळ्याच्या कारखान्यात सुपरवायझर होते, व्यसन कसलं नव्हतं, कॉलनीच्या गणपतीत आरतीला सगळ्यांच्या पुढे असत. घरी मात्र भाजीत मीठ कमी पडलं, शर्टाचं बटण तुटलं, वाशीमहून माहेरचं कुणी आलं, काहीही कारण पुरत असे. आणि मारणं म्हणजे एखादी थप्पड नव्हे. पट्टा, लाथ, एकदा तर तव्यावरचं तापलेलं उलथनं. आता एवढं सांगितल्यावर यापुढे त्याला अहोजाहो करण्याचं काही कारण नाही.

पण क्वार्टरची भिंत एका विटेची होती आणि भिंतीपलीकडे अख्तरबानू राहत होती. तिचा नवरा दादामियाँ रंगनाथच्याच खात्यात होता. इकडे पहिलं भांडं आपटलं की तिकडून अख्तरबानू रिकामी वाटी घेऊन दारात हजर. "भाभी, जरा साखर मिळंल का? पाव्हणे आलेत बघा." रंगनाथ एका क्षणात माणसात येई. "या, या. अगं, साखर दे भाभींना," असं तोच हसून म्हणे. अख्तरबानू घरी नसली तर समोरची कुणी चाळण मागायला येई, नाहीतर दादामियाँ बाहेरून हाक मारी, "रंगनाथ, चल रे, पान खाऊन येऊ." मारण्याबद्दल कुणी कधी ब्र काढला नाही. अख्तरबानू वाटी मांडीवर ठेवून इकडचं तिकडचं बोलत बसे, आणि रंगनाथ पायात चपला सरकवून बाहेर पडला की मगच उठे.

सुशीलाबाईंना त्या वाटीचा मनापासून राग होता. फुटलेल्या ओठाने हसून साखर काढून द्यायची, म्हणजे दुखण्यावर वर आणखी लाज. त्यांना वाटे, ही बाई मुद्दाम तमाशा बघायला येते. आणि नवऱ्याच्या रागाबद्दल त्यांची एक ठाम समजूत होती. त्याचा राग म्हणजे उतू जाणारं दूध, उतू गेलं की आपोआप खाली बसतं. पाच मिनिटांचा राग, मनाने काही वाईट नाहीत, असं त्या बहिणीला सांगत. सगळा संसार त्यांनी या एका समजुतीवर रेटला होता.

म्हणून फ्लॅट दाखवणाऱ्या माणसाने जेव्हा भिंतीवर टकटक करून सांगितलं की कोपऱ्यातला फ्लॅट आहे, कुणाची भिंत तुमच्या भिंतीला लागत नाही, खिडकी लावली की आतलं बाहेर जायचं नाही, तेव्हा सुशीलाबाईंनी लगेच हो म्हटलं. तिसरा मजला, समोर टेकडी, खाली बाग, चालायला गोल रस्ता, ज्येष्ठ नागरिकांसाठी वेगळा कट्टा. आजूबाजूला अजून एखाददुसरं शेत आणि गोठा शिल्लक होता. इथे कुणी कुणाला ओळखत नव्हतं. त्यांना वाटलं, आता मान वर करून जगता येईल.

सामान लागायच्या आधीच पहिली खेप झाली. टीव्ही भिंतीवर लावणारा माणूस दुपारी आला तेव्हा रंगनाथ झोपला होता, म्हणून सुशीलाबाईंनी त्याला उद्या या म्हटलं. उठल्यावर रंगनाथला ते कळलं. "घरात निर्णय कोण घेतं?" एवढं विचारून त्याने त्यांचे केस धरले आणि डोकं कपाटाच्या दारावर आपटलं. मग कंबरेत लाथ घातली. त्या पडल्या, डायनिंगची खुर्ची त्यांच्याबरोबर पडली. त्याने पट्टा काढला, आणि पाठीवर पाचसहा ओढून झाल्यावर तो एकाएकी थांबला. हात वर तसाच ठेवून त्याने दाराकडे पाहिलं.

सुशीलाबाईंनी जमिनीवरून त्याच्याकडे पाहिलं. तो वाट बघत होता. इतक्या वर्षांची सवय होती त्याला, आता कडी वाजेल, कुणीतरी काहीतरी मागेल. दोघंही कान देऊन ऐकत राहिली. लिफ्ट कुठल्याशा मजल्यावर थांबली आणि निघून गेली. दारावर कुणी आलं नाही. मग रंगनाथ पुन्हा त्यांच्याकडे वळला, आणि त्या दिवशी तो दमेपर्यंत मारत राहिला.

दूध आपोआप खाली बसत नव्हतं. इतकी वर्षं कुणीतरी येऊन गॅस बंद करत होतं. हे समजायला सुशीलाबाईंना धायरीला यावं लागलं, आणि तेही स्वतः हट्ट करून. कुशीवर पडल्या पडल्या त्या आधी स्वतःवरच चिडल्या, आणि मग त्यांना रडू आलं.

संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर अध्यक्षांचा निरोप आला. अध्यक्ष शरच्चंद्र हे निवृत्त प्राध्यापक, भाषा शुद्ध आणि हात आखडता. 'नव्याने राहावयास आलेल्या सभासदांनी फर्निचर हलविण्याचे काम दुपारच्या विश्रांतीच्या वेळी करू नये. इतरांनाही घरे आहेत.' खाली सतरा जणांनी अंगठे दाखवले होते. म्हणजे आवाज गेला होता तर. भिंत कितीही जाड असली तरी कपाटावर डोकं आपटल्याचा आवाज जातोच, फक्त इथे तो फर्निचरचा ठरला होता. रंगनाथने निरोप वाचला, त्याखाली 'क्षमस्व, यापुढे काळजी घेऊ' असं लिहिलं आणि चहा मागितला.

सुशीलाबाईंनी ठरवलं, शेजार आपणच जोडायचा. समोरच्या फ्लॅटमध्ये उत्कर्षा राहत होती, हिंजवडीच्या एका कंपनीत कामाला, पण बरेच दिवस घरूनच काम करणारी. एका सकाळी ओठावरची सूज जरा उतरल्यावर त्या रिकामी वाटी घेऊन तिच्या दारात उभ्या राहिल्या. मुलीने दार अर्धवट उघडलं, एका कानातलं फोनचं यंत्र काढलं.

"जरा साखर मिळेल का गं?"

"ओह, सॉरी आंटी, मी घरात शुगर ठेवतच नाही. तुमच्याकडे अॅप नाहीये का? दहा मिनिटांत घरी येतं सगळं. थांबा, मी टाकून देते." तिने त्यांचा फोन घेऊन खरंच अॅप टाकून दिलं, पत्ताही भरून दिला. "आता कुणाकडे काही मागायची गरजच नाही," असं ती प्रेमाने म्हणाली. पोरगी वाईट नव्हती. सुशीलाबाईंच्या गालावरचा हिरवानिळा डाग तिने पाहिला, जराशी घुटमळली, "तुम्ही ठीक आहात ना?" म्हणाली. सुशीलाबाईंच्या तोंडून तेच जुनं वाक्य निघून गेलं, "बाथरूममध्ये पडले गं." तेवढ्यात तिला कामाचा कॉल आला आणि दार लागलं.

पुढच्या खेपेला मनगट गेलं. कारण टँकरचं पाणी. पाणी येणार असल्याचा निरोप सुशीलाबाईंनी वाचला नाही आणि पिंप रिकामं राहिलं. रंगनाथने त्यांचा हात दारात धरला आणि दार ओढलं. हाड मोडल्याचा आवाज त्यांना स्वतःला ऐकू आला. या वेळी त्याने मध्ये थांबून दाराकडे पाहिलंसुद्धा नाही, कारण सवय सुटायला फार वेळ लागत नाही. प्लास्टर घालताना डॉक्टर म्हणाले, "नवीन टाइल्स निसरड्या असतात, जपून चालत जा." अभिनव फोनवर म्हणाला, "आई, बाबा रिटायर झालेत, त्यांना त्रास होतोय, तू थोडं सांभाळून घे."

त्याच आठवड्यात रंगनाथ बँकेत गेला असताना सुशीलाबाईंनी अख्तरबानूला फोन लावला. आधी हवापाण्याचं बोलल्या, मग म्हणाल्या, "बानू, इथं साखर मागायला कुणी येत नाही गं."

मग अख्तरबानू म्हणाली, "भाभी, मला तरी साखर कशाला लागत होती? यांना मधुमेह, आमच्याकडं चहासुद्धा फिका. तुमची साखर मी मागच्या दारी मुंग्यांना घालायची." सुशीलाबाईंना त्या वाटीचा राग आठवला आणि मान खाली गेली. अख्तरबानूच पुढे बोलली. "इकडं निघून या म्हणते मी. आणि तवर एक ऐका. घरात एकट्या नका थांबू. त्याचा चेहरा बदलला की खाली जाऊन लोकांत बसा. चारचौघांत हात नाही उचलत तो, इतक्या वर्षांत नाही उचलला."

हे सुशीलाबाईंना पटलं. त्यांना स्वतःलाही तेवढाच आधार उरला होता.

दोन दिवसांनी संध्याकाळी रंगनाथ त्यांचा फोन हातात घेऊन स्वयंपाकघरात आला. "खडकीला कुणाशी बोलत होतीस?" त्याचा आवाज एकदम शांत होता, आणि तो शांत झाला की काय होतं ते त्यांना पाठ होतं. त्यांनी गॅस बंद केला आणि अनवाणीच दार उघडून जिन्याने खाली उतरल्या. बागेत चांगली वर्दळ होती. पोरं सायकली फिरवत होती, बायका गोल रस्त्यावर चालत होत्या, उत्कर्षा कानात यंत्रं घालून फेऱ्या मारत होती. कट्ट्यावर शरच्चंद्र आणि त्यांची मंडळी बसली होती. सुशीलाबाई त्यांच्याशेजारी जाऊन बसल्या. जीव जरा भांड्यात पडला.

रंगनाथ मागोमाग आला, हसतमुख. "अगं, चल वर. दूध गॅसवर आहे."

"नाही येत. बोलायचं ते इथं बोला."

त्याने कट्ट्यावरच्या माणसांकडे एकदा पाहिलं. सुशीलाबाईंच्या हिशेबात एक गोष्ट राहून गेली होती. खडकीत त्याला लाज होती, कारण तिथे त्याचं नाव होतं, आरती होती, दादामियाँ होता. इथे त्याला कोण ओळखत होतं, की ज्याच्यापुढे मान खाली जावी? त्याने तिथल्या तिथे त्यांच्या कानाखाली वाजवली. त्या कट्ट्यावरून खाली घसरल्या. त्याने प्लास्टर घातलेला हात धरून त्यांना ओढायला सुरुवात केली, आणि त्यांच्या तोंडून जी किंकाळी निघाली तिने पोरांच्या सायकली थांबल्या.

सगळे जिथल्या तिथे उभे राहिले. बायका चालायच्या थांबल्या. गेटवरचा पोपट वॉचमन, धायरीचाच म्हातारा माणूस, खुर्चीतून उठला आणि दोन पावलं पुढे येऊन म्हणाला, "सायेब, बाई मरंल की वो." शरच्चंद्रांनी त्याला हातानेच थांबवलं. "फॅमिली मॅटर आहे, पोपट. तू गेट सांभाळ." आणि रंगनाथला म्हणाले, "अहो, जे काय असेल ते घरात जाऊन करा. इथं मुलं खेळतात."

रंगनाथने मान डोलावली. "सॉरी हं," म्हणाला, आणि बायकोच्या बरगडीत लाथ घालून पुन्हा ओढायला लागला.

घरात जाऊन करा, हे शब्द सुशीलाबाईंच्या डोक्यात लखकन चमकले. आपण आज वर गेलो तर पुन्हा खाली येणार नाही, हे त्यांना तेव्हा अगदी स्वच्छ दिसलं. कट्ट्याला टेकवून ठेवलेली शरच्चंद्रांची काठी त्यांच्या उजव्या हाताला लागली. चांगली जाड, पितळी मुठीची काठी होती. ती त्यांनी गुडघ्यावर बसल्या बसल्याच फिरवली आणि रंगनाथच्या नडगीवर हाणली. तो ओरडून वाकला. दुसरा तडाखा खांद्यावर बसला, तिसरा मुठीकडून थेट कपाळावर. रक्त त्याच्या डोळ्यात उतरलं आणि तो मट्कन खाली बसला. सुशीलाबाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी चौथ्यांदा काठी उचलली.

तेव्हा मात्र सगळे धावले. कुठून कुठून धावले. चालणाऱ्या बायका धावल्या, कट्ट्यावरचे गुडघेदुखीवाले धावले. उत्कर्षाने त्यांचा दंड धरला, "आंटी, प्लीज, आंटी." कुणी त्यांच्या कमरेला मिठी मारली, कुणी काठी हिसकायला लागलं, कुणी रंगनाथला पाणी पाजलं. शरच्चंद्र म्हणत होते, "अहो बाई, माणूस आहे तो, मरेल ना. कुणीतरी पोलिसांना बोलवा." चारपाच जण फोन लावत होते.

सुशीलाबाईंनी काठी सोडून दिली. त्यांना धाप लागली होती, प्लास्टरमधला हात लोंबत होता. आपल्याला धरून ठेवलेल्या एकेकाच्या चेहऱ्याकडे त्यांनी नीट पाहून घेतलं.

"म्हणजे येता येतं तुम्हाला," त्या म्हणाल्या.