जाउदीनचं मागचं चाक

हे कोणी खरं मानणार नाही. पैज लावा म्हटलं तर पैज घ्यायलाही कोणी पुढे येणार नाही, इतकं ते अशक्य. पण आपल्या या सियांतार गावात एका मेलेल्या माणसाने आपल्या मोटारसायकलच्या चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढून घेतला, आणि मगच तो मातीत गेला.

एवढं बोलून म्हाताऱ्या लुंडुने ताडीचा ग्लास बाकावर ठेवला आणि मिशी पुसली.

"पहिल्याच ग्लासाला मेलेला उठून बसला," ट्रकवाला बिंसार म्हणाला. "तिसऱ्याला काय नाचायला लावणार?"

"उठला असं कोण म्हणालं? आऊट काढून घेतला म्हणालो. कान धुऊन ये जा."

गुत्ता तियामसाचा. ती मडक्यातून डावाने ताडी काढत होती. गोष्ट तिच्याच नवऱ्याची, जाउदीन सिनागाची, आणि तिच्या भावाची, मांगासा सियागियानची. नवऱ्याला जाऊन बरीच वर्षं झाली होती. भावाला मात्र गेल्याच महिन्यात पोचवून आले होते. लुंडु ही गोष्ट तिच्यादेखत सांगत आला होता आणि ती दर वेळी गप्प राहात आली होती.

तर मांगासा चाकं बांधायचा. पंक्चर काढणारे पुष्कळ असतात; हा चाक मुळापासून बांधायचा. मधे हब, बाहेर रिम आणि दोघांना एकमेकांशी धरून ठेवणारे स्पोक. युद्धानंतर गोरे निघून गेले, त्यांच्या लष्करातल्या बीएसए मोटारसायकली इथेच राहिल्या. आपल्या लोकांनी त्यांच्या अंगाला माणसं बसवायचे पाळणे जोडले आणि भाड्याचे बेचा करून टाकले. पण विलायतेहून सुटा भाग कोण आणून देतोय? स्पोक मांगासा घरीच करायचा. रबराच्या मळ्यातले जाड दोर सोडवून पोलादी तार काढायची, ठोकून सरळ करायची, एका टोकाला डोकं काढायचं, दुसऱ्या टोकाला आटे पाडायचे. एकदा तार संपली तेव्हा त्याने म्हणे तळ्यातल्या मोठ्या माशाच्या काट्यांचे स्पोक घातले. चाक फिरलं छान, फक्त गावभरची मांजरं गाडीमागे लागली.

"मांजरांनी भाडं दिलं का?" बिंसारने विचारलं.

लुंडु पुढे सांगत राहिला.

आता एकटी मोटारसायकल वळणावर झुकते. पाळणा जोडला की ती झुकत नाही, सगळा भार चाकाला आडवा बसतो. म्हणून बेचाचं चाक बांधणं हे खरं काम. मांगासा चावीने एकेक स्पोक कसायचा आणि नखाने छेडून बघायचा. सैल स्पोक भसाडा बोलतो, ताणलेला खणखणीत. सगळे एका सुरात बोलू लागले की चाक गाडीला लागायचं. आणि गिऱ्हाईक निघालं की मागून हाक मारून बजावायचा, "आठवडाभर चालव आणि परत घेऊन ये. नवे स्पोक आपापल्या जागी बसतात, मग पुन्हा कसावे लागतात. दुसऱ्या कोणाला हात लावू देऊ नकोस."

मेव्हण्याच्या बेचाचं मागचं चाक त्यानेच बांधलं होतं. आणि पारापातकडच्या उतारावर, भर वळणात, नेमकं तेच बसलं. रिमचा आठ झाला, गाडी दरीच्या अंगाला कलंडली. पाळणा रिकामा होता म्हणून बरं. जाउदीनचा पाय मात्र गुडघ्यातून गेला तो गेलाच.

इथपर्यंत जगात कुठेही घडेल. पुढचं फक्त आपल्यात घडू शकतं. जाउदीन कुबडीवर बाजारात आला, मांगासाच्या टपरीसमोर उभा राहिला आणि सगळ्यांदेखत ओरडला, "लाए, तुझे स्पोक कच्चे! सख्ख्या बहिणीला विधवा करायला निघाला होतास?"

कोंबड्या विकणारीने कोंबडीची मान सोडली, इतका बाजार गप्प झाला. लाए म्हणजे मेव्हणा, बायकोचा भाऊ तो! ज्याच्या घरची मुलगी आपण आणली, त्याच्यापुढे आवाज चढवायचा नाही. त्याच्या दारात मोकळ्या हातांनी जायचं नाही. शिजवलेलं डुकराचं मटण घेऊन जायचं, त्याच्या हातून मासा आणि आशीर्वाद घेऊन यायचं. हे आपल्याकडे कोणाला शिकवावं लागत नाही.

मांगासा उठला नाही. "जेवण घेऊन घरी ये, लाए," एवढंच म्हणाला, "मग बोलू." आणि टपरीची फळी खाली ओढून घेतली.

जाउदीन गेला नाही. पण त्याचं ओरडणं गावभर गेलं. बेचावाले एकेक करून दुसऱ्याकडे वळले. मांगासा शाळकरी पोरींच्या सायकलींची चाकं बांधू लागला. रस्त्यात कोणी भेटलं तर तो आधी त्याच्या चाकाकडे बघायचा, मग तोंडाकडे. तियामसाच्या थोरलीच्या लग्नात मामाची जागा तशीच ठेवली होती. ती शेवटपर्यंत तशीच राहिली. जाउदीनने पुन्हा गाडी चालवली नाही. बीएसए घरामागे पत्र्याखाली उभी, मागच्या चाकाचा आठ झालेला, आणि तो कोणाला तिला हात लावू देत नसे. तियामसाने ताडीचा गुत्ता काढला आणि घर चालवलं.

मग एका पहाटे जाउदीन झोपेतच गेला.

अंगणात शवपेटी ठेवली, ढोलवाले आले, पाद्री आले, चुली पेटल्या. आणि सगळं अडलं. विधवेच्या डोक्यावर शोकाचं उलोस, आपलं हातमागाचं वस्त्र, माहेरच्या माणसानेच घालायचं. सख्खा भाऊ गावात असताना दुसऱ्या कोणी घातलं तर ते नुसतं कापड. आणि डोकं झाकल्याशिवाय पेटी उचलायची नाही. तियामसा पेटीशी उघड्या डोक्याने बसून राहिली. पाद्र्यांनी समजावलं, दिरांनी समजावलं. बेचावाले तिला म्हणाले, "इनांग, आमच्यातला कुठलाही बेचा घे, पाळणा काढून पेटी बांधतो."

"हे त्यांच्याच गाडीवरून जातील," तियामसा म्हणाली. "आणि माझं डोकं माझा भाऊच झाकेल. नाहीतर आम्ही दोघं इथेच बसतो."

निरोप टपरीत पोचला तेव्हा मांगासाच्या मांडीवर सायकलचं चाक होतं. त्याने ते बाजूला ठेवलं नाही. इतकी वर्षं तो एका भांड्याची वाट बघत होता. जाउदीन येईल, झाकण काढेल, वाफ येईल, मग आपण दोन शब्द सुनवू, मग दोघं जेवू. शब्दसुद्धा ठरवून ठेवले होते. आता भांडं येणार नव्हतं, आणि ते शब्द सुनवायचे कोणाला? जावं तर गाव म्हणेल, कच्च्या स्पोकवाला आला. न जावं तर बहीण उघड्या डोक्याने बसलेली. त्याने मांडीवरच्या चाकाचा एक स्पोक छेडला. सूर बरोबर होता, पण त्याला तो ऐकवेना. मग उठून त्याने बायकोच्या ट्रंकेतून काळपट निळं उलोस काढलं, हत्यारांची पेटी घेतली आणि निघाला.

अंगणात माणसं बाजूला झाली. त्याने पेटीकडे पाहिलं नाही.

"इतो," तियामसा भावाला म्हणाली, "आधी डोकं झाक माझं."

"आधी गाडी बघतो."

"माणूस वाट बघतोय रे."

"मी पण बघितली," मांगासा म्हणाला आणि घरामागे गेला.

चाक काढून तो फणसाखाली बसला. गंजलेले स्पोक सोडवू लागला. प्रत्येक स्पोकचं टोक ज्या छोट्या पितळी निपलमध्ये पिळलेलं असतं, ती निपलं एकेक काढून डब्यात टाकत होता. मधेच एक हातात धरून थांबला. उजेडात फिरवून पाहिलं. मग दुसरं पाहिलं, तिसरं पाहिलं. लुंडु तिथेच उभा होता, त्याने डोळ्यांनी बघितलं: मांगासाचं तोंड राखेसारखं झालं. आपल्याच हातचे आटे कच्चे निघालेले माणसाला दिसले, की असंच होणार.

रिम ओंडक्यावर ठेवून पायाने आणि लाकडी हातोड्याने गोल केली. हत्यारांच्या पेटीतून नवे स्पोक काढले. एक आतून, एक बाहेरून, एकमेकांवरून कातर घालत सगळे भरले. मग आस दोन खांबांत टेकवून चाक फिरवलं आणि रिमशी बांबूची काडी धरली. काडी जिथे घासेल तिथे आऊट. इकडे सैल, तिकडे घट्ट. ढोलवाल्यांनी हात आवरले, कारण तो आता नखाने स्पोक छेडत होता आणि त्यांचे ढोलसुद्धा त्या सुराला वाकले होते.

सगळे स्पोक बोलले, एक बोलेना. उजवीकडे पिळला तर किंचाळे, डावीकडे पिळला तर घोरे. आणि तेव्हा शवपेटीतून आवाज आला. टक्.

"झालं!" बिंसार म्हणाला. "लाकूड वाळत होतं, म्हाताऱ्या."

"लाकडाला सूर कळतो? ऐक तर. मांगासाने चावी अर्धा फेरा फिरवली. पेटीतून पुन्हा टक्. अजून जराशी फिरवली. टक्. आणखी एक केसभर. आणि पेटी गप्प झाली. छेडून बघितलं तर स्पोक सुरात! पाद्र्यांनी छातीवर क्रूस काढला."

"आपले पाद्री प्रोटेस्टंट, ते क्रूस काढत नाहीत."

"त्या दिवशी काढला."

चाक गाडीला लागलं. पाळणा काढून त्या जागी फळ्या ठोकल्या. मग मांगासा उलोस घेऊन अंगणात आला. बहिणीसमोर उभा राहिला, पहिल्यांदाच पेटीकडे वळला आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असा म्हणाला, "लाए, तू बोललास ते खरं होतं. माझे स्पोक कच्चे होते. चूक माझी." मग त्याने बहिणीचं डोकं झाकलं, आणि ती तेव्हा कुठे रडली. बीएसए पहिल्या लाथेला सुरू झाली, मांगासाने स्वतः चालवली, मागे गावातले सगळे बेचा. एवढा मोठा माणूस होता तो. अशी चूक कबूल करायला छाती लागते.

लुंडुने ग्लास उचलला. बिंसारसुद्धा मान डोलावत होता.

"खोटं," तियामसा म्हणाली.

"पेटीतला आवाज ना? इनांग, तो मी जरासा..."

"पेटीत काय वाजलं ते वाजू दे. माझा भाऊ असं बोलला नाही."

"अख्ख्या गावाने ऐकलं की!"

"कोणी ऐकलं नाही, कारण तो बोललाच नाही. तुझ्याकडून ऐकून ऐकून आता सगळ्यांना आठवतं." तिने डाव मडक्यात सोडून दिला. "उलोस डोक्यावर घालताना त्याने आतून माझ्या मुठीत एक निपल दिलं. त्यावर पकडीच्या दातांचे ओरखडे होते. मांगासाने आयुष्यात निपलला पकड लावली नाही, चावीच लावली. कोणी लावली ते त्याला कळलं होतं, आणि मला पहिल्यापासून माहीत होतं हेही माझ्या तोंडावरून त्याला कळलं. तरी तो गप्प राहिला, आणि मीपण."

"म्हणजे जाउदीनने?" बिंसारने विचारलं.

"चाक कसायला परत न्यायचं होतं. तेव्हा घरात डुक्कर नव्हतं, आणि बायकोच्या भावाच्या दारात मोकळ्या हातांनी जायची ह्यांना लाज. म्हणून घरीच पिळले, पकडीने, एकाच अंगाने. चाक मी धरलं होतं. माझ्या भावाचे स्पोक कच्चे नव्हते, लुंडु."