गालावरचा उजेड

या, असे जवळ या. मागं बसलेत त्यांनीही जरा पुढं सरकावं, कारण ही गोष्ट मोठ्या आवाजात सांगण्यासारखी नाही. एका लिफ्ट-मिस्त्रीची गोष्ट आहे, आणि त्याच्या घरातल्या समुद्राची. समुद्र केवढा म्हणाल, तर पलंगाएवढा. पण ज्या देवानं थेंबात जीव घातला, त्याला पलंगाएवढं पाणी म्हणजे मोकळं रानच की.

तर त्या दिवशी सकाळी खुर्चीतून बाईंनी, म्हणजे मिस्त्रींच्या बायकोनं, विचारलं, "दिवा लागला का हो?"

मिस्त्री पोवळ्यांच्या काचेच्या टाकीपाशीच उभे होते. दिवा लागून बराच वेळ झाला होता. नव्या एलईडीचा झोत खाऱ्या पाण्यातून थेट तळाच्या वाळूपर्यंत पोचला होता.

"लागलाय की," ते म्हणाले.

"हां, लागला," म्हणत बाईंनी तोंड टाकीकडे वळवलं. पण मधे जो एक क्षण गेला, तो मिस्त्रींच्या काळजात काट्यासारखा रुतला. त्यांनी पांढऱ्या उजेडाची कळ आणखी थोडी पुढं फिरवली.

दिव्याला दोन कळा होत्या, एक निळ्याची, एक पांढऱ्याची. पोवळ्यांना निळा मानवतो. पांढरा माणसांसाठी. आणि मिस्त्रींना सगळा उजेड एकाच माणसासाठी हवा होता.

बाईंनी जन्मभर लॉन्ड्रीत इस्त्री केली. डोळे कडेकडेनं विझत चाललेत, डॉक्टर म्हणाले होते, मधे थोडं राहील तेवढं राहील. तेव्हापासून मिस्त्रींनी मनाशी एक गाठ मारली होती. टाकी दिसतेय ना, मग अजून सगळं गेलेलं नाही. रोज दिवा लागला की बाई म्हणायच्या, "लागला बरं का," आणि एकेका पोवळ्याची खबर घ्यायच्या. लांब केसांची झिपरी, गोल गोल बटणं, वळ्यावळ्यांचा मेंदू. नावं त्यांनीच ठेवलेली. जुना दिवा मात्र तापायचा फार. उन्हाळ्यात पाणी कोमट व्हायला लागलं, पोवळी आक्रसायला लागली, तेव्हा लेकीनं हा एलईडी पाठवून दिला. थंडगार दिवा. जुना माळ्यावर गेला.

आणि त्याच दिवसापासून बाईंचा तो प्रश्न सुरू झाला.

मिस्त्रींचा जीव थाऱ्यावर राहीना. आता बसले, आता उठले. काच पुसायची, कळ चाचपायची, बाईंच्या चेहऱ्याकडे बघायचं, परत कळ. बाई हसून म्हणायच्या, "आयुष्यभर लोकांना वरखाली नेलंत, आता स्वतःच वरखाली करताय. टेका की जरा." टेकतील कसे? कळ पुढं सरकत होती आणि पोवळी फिकी पडत होती. आधी बटणांचा हिरवा गेला, मग मेंदूच्या वळ्या राखाडी झाल्या. झिपरीनं तर केस आत ओढून घेतले, ते बाहेर काढलेच नाहीत.

"झिपरी कशी दिसते गं?" त्यांनी एकदा सहज विचारल्यासारखं विचारलं.

"छान डोलतेय."

मिस्त्रींनी मान फिरवली. ऐकलं, पण मनाला ऐकू दिलं नाही.

मग ते टाकीच्या दुकानदाराकडे गेले. त्यानं सगळं ऐकून कपाळाला हात लावला. पोवळ्याच्या अंगात बारीक शेवाळ राहतं, त्यानं समजावलं, तेच उजेडावर पोवळ्याचं जेवण रांधतं. उजेड एकाएकी अंगावर आला की पोवळं बिथरतं आणि त्या रांधणाऱ्यालाच घराबाहेर काढतं. मग उरतं पांढरं, उपाशी. नवा दिवा मंद ठेवून हळूहळू चढवायचा असतो. कळ अशी पिळायची नसते. मिस्त्री खाली बघत म्हणाले, घरच्यांना दिसावं म्हणून केलं. दुकानदारानं विचारलं,

"डोळे कुणाचे दुखतायत, मिस्त्री, आणि औषध कुणाला घालताय?"

रस्ताभर ते वाक्य चपलेतल्या खड्यासारखं टोचत राहिलं. उजेड कमी करावा तर बाईंचं उरलंसुरलं दिसणं जाणार. न करावा तर टाकी जाणार. घरी आले. खोलीचे पडदे ओढलेले होते, बाई खुर्चीत होत्या. मिस्त्रींनी पांढऱ्याची कळ धरली आणि मागं घेतली. थोडी. आणखी थोडी. बाई तशाच टाकीकडे तोंड करून बसल्या होत्या. मग निळ्याचीही घेतली, पार शेवटापर्यंत. टाकीत अंधार झाला. हात कळीवरच राहिला.

"आज कसा वाटतो दिवा?" त्यांनी विचारलं.

"आज छान लागलाय," बाई म्हणाल्या.

पाण्याचा पंप तेवढा गुरगुरत होता. लॉन्ड्रीच्या गलक्यातही नवऱ्याची पावलं ओळखणारी ती बाई. तिला ती शांतता कळायला किती वेळ लागणार?

"विझलाय ना?" तिनं हळूच विचारलं.

"हो."

"जुन्या दिव्याची गालाला ऊब लागायची हो. त्यावरून सांगत होते मी. हा मेला थंड, समजतच नाही."

"कधीपासून दिसत नाही?"

"जुना होता तेव्हापासूनच. 'लागला' म्हटलं की तुमच्या आवाजात उजेड पडायचा. तो कसा विझवू?"

मिस्त्रींनी कळ सोडली. स्टूल घेतलं, माळ्यावर चढले. जुना दिवा खाली काढला, त्याची काच शर्टानं पुसली आणि पान्हे घेऊन बसले. टाकीवर नाही, खुर्चीशेजारच्या भिंतीवर त्यांनी तो आवळला, एका गालाला लागेल एवढ्या अंतरावर. टाकीवर एलईडीचा निळा तेवढा मंद लावून ठेवला.

जुना दिवा तापायला वेळ घेतो. बाई तोंड वर करून थांबल्या. मग तळहात पुढं केला, इस्त्री तापली का बघायचा जुना हात.

"लागला," त्या म्हणाल्या.

मिस्त्रींनी दुसरी खुर्ची ओढली, आणि कितीतरी दिवसांनी पाठ टेकून बसले.

"झिपरी पांढरी पडलीय," त्यांनी सांगितलं. "बटणंही. मेंदूच्या एका कोपऱ्यात थोडा रंग आहे अजून."

"कुठला?"

ते पुढं वाकले, काचेला नाक लागेपर्यंत. "जांभळा."

"मग त्याचंच सांगा."

बाया-बाप्यांनो, माझं मागणं फार नाही. आपल्या माणसाच्या खोलीत कधी दिवा लावाल, तेव्हा त्या इस्त्रीवाल्या बाईची आठवण काढा.