रेफ्रीची आई

पहिली शिवी पडली तेव्हा सामना सुरूही झाला नव्हता. काळा शर्ट घातलेला रेफ्री दोन झेंडेवाल्यांना घेऊन मैदानात आला, त्याने चेंडू काखेत नीट धरला, आणि मागच्या रांगेतून कोणीतरी बेंबीच्या देठापासून ओरडून त्याची आई काढली.

मावशी वळली नाही. शेजारी बसलेल्या, गल्लीतल्या न्हाव्याचे कान मात्र लाल झाले.

“मी सांगितलं होतं,” तो पुटपुटला. “घरी बसा म्हणून हात जोडले. तुम्ही ऐकाल तर ना!”

“गप बस. मला काही ऐकू आलेलं नाही.”

ऐकू आलं होतं. वयाने तिचे गुडघे गेले होते, कान नव्हे. कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये वाढप्याचं काम करण्यात जिचा जन्म गेला, तिला शिव्यांचं काय अप्रूप? पण त्या सगळ्या शिव्या दुसऱ्या कोणाच्या तरी असत. ही थेट तिच्या पत्त्यावर आली होती. मैदानाच्या मधोमध उभा होता तो तिचा एकुलता एक मुलगा.

इतकी वर्षं तो मोठमोठ्या सामन्यांत शिट्टी वाजवत होता, पण आईला त्याने कधी मैदानावर आणलं नव्हतं. “तिथं ऊन असतं, आई.” दर वेळी एवढंच. रेफ्री मंडळींचं सहकुटुंब जेवण झालं, तिथेही तो बायकोला घेऊन गेला. मावशी काय समजायचं ते समजली. सही म्हटल्यावर अंगठा पुढे करणारी आई साहेबलोकांत कशाला मिरवायची? हे तिने मनाला लावून घेतलं होतं आणि तोंडातून कधी काढलं नव्हतं. बाकी सगळं ती तोंडातून काढत असे, म्हणून हे जरा जास्तच खोल गेलं होतं.

आजही ती आली नसती. पण मागच्या सामन्यात त्याच्या हातून मोठी चूक झाली. चेंडू रेषेच्या आत पडला होता आणि त्याने गोल दिला नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. आंधळ्यालाही दिसेल असा चेंडू आत. कोणीतरी घराच्या दाराला डांबर फासलं. रेफ्रीने पेपरवाल्यांशी बोलायचं नाही असा नियम, म्हणजे ‘चुकलो’ म्हणायचीसुद्धा सोय नाही. समितीने त्याला काही आठवडे घरी बसवलं. तो रोज पहाटे धावायला जाई आणि परत आला की भिंतीकडे बघत चहा पिई.

आज सकाळी भांडी विसळता विसळता सून म्हणाली, “परत बोलावलंय खरं. पण समितीचा माणूस वर काचेच्या खोलीत बसून यांचे मार्क काढणार आहे. काही वावगं झालं, की वरच्या गटातून नाव गेलं. मग बसा शाळाकॉलेजांचे सामने घेत.”

न्हाव्याच्या मेव्हण्याला ताप होता आणि त्याचं सामन्याचं तिकीट पडून होतं, हे मावशीला ठाऊक होतं. ती उठली, ठेवणीतली शाल काढली आणि न्हाव्याच्या दुकानात जाऊन बसली. तो घेऊन जाईपर्यंत उठली नाही. एका गिऱ्हाइकाची अर्धी दाढी तशीच राहिली.

खेळ सुरू झाला. कोण कोणाच्या बाजूला चेंडू मारतोय हे मावशीला फारसं कळत नव्हतं. ती एकट्या काळ्या शर्टाकडे बघत होती. धावताना तो डावा पाय किंचित बाहेर टाकायचा, लहानपणापासूनचीच सवय. खेळाडू अंगावर आले की हात मागे बांधायचा. हेही तिला ओळखीचं होतं. कॅन्टीनमध्ये भांडण झालं की तीही ओगराळं पाठीमागे धरून उभी राहायची. एकेकाला एकेक ओगराळं भाजी, साहेब असो नाहीतर हमाल. रांगेतल्या प्रत्येकाला वाटायचं की पुढच्याला जास्त मिळाली.

घरच्या संघाविरुद्ध शिट्टी वाजली आणि कोपऱ्यातल्या ढोलवाल्याने ताल धरला. मग आख्खा स्टँड गाऊ लागला. चाल झकास होती. टाळ्या कुठे वाजवायच्या ते बापांच्या खांद्यावर बसलेल्या चिल्ल्यापिल्ल्यांनाही पाठ होतं. गाण्यात रेफ्री अगदी शेवटी यायचा. बाकी सगळं त्याच्या आईबद्दल होतं. ती कोणत्या कोपऱ्यावर उभी राहते, कोणाकोणाबरोबर जाते, आणि पोराचा बाप कोण हे तिला का सांगता येत नाही.

न्हावी खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागला. नाडी सुटलेली नव्हती.

‘तिथं ऊन असतं, आई.’

मावशीने आभाळाकडे बघितलं. सगळं भरून आलेलं होतं. उन्हाचा कवडसा नव्हता. तिने शाल खांद्याभोवती घट्ट ओढून घेतली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली.

गाणं संपलं तेव्हा ती मागे वळली. पहिली शिवी दिलेला माणूस लठ्ठ होता, मिशीला घाम आलेला, घसा बसलेला.

“काय रे बाबा, तू ओळखतोस तिला?”

“कोणाला, आजी?”

“त्या रेफ्रीच्या आईला.”

तो हसला. “छे हो! मी कशाला ओळखू?”

“मग तिच्याबद्दल एवढं कसं काय ठाऊक तुला?”

“मावशी,” न्हावी कुजबुजला, “पाया पडतो, नका. इथून धड घरी जायचंय आपल्याला.”

लठ्ठ माणूस मात्र गंभीरपणे विचार करू लागला. “आजी, तसं नसतं. ती काय खरी बाई नसते. म्हणजे रेफ्रीला शिवी द्यायची तर आईवरूनच द्यावी लागते. रीत आहे ती.”

“असं होय.”

“तुम्ही पहिल्यांदाच आलात वाटतं? दगड गार आहे, हे घ्या.” त्याने आपल्या बुडाखालची पेपरची घडी काढून तिच्या हातात दिली. मावशीने ती घेतली आणि खाली सरकवून बसली. घडी अजून गरम होती.

सामना संपत आला तरी गोल नव्हता. घरच्या संघाला जिंकणं भाग होतं, नाहीतर त्यांचं वर्ष वाया जाणार होतं, असं न्हावी दाताने नखं कुरतडत सांगत होता. तेवढ्यात त्यांचा पुढचा खेळाडू गोलसमोर धाडकन पडला आणि शिट्टी वाजली. काळ्या शर्टाने हात करून पेनल्टीची जागा दाखवली.

स्टँड उठला. ढोल, शिट्ट्या, ओरडा. मागच्या लठ्ठ माणसाने मावशीला खांद्याला धरून हलवलं. “दिली! आजी, दिली त्याने! काय माणूस आहे! धन्य ती आई, जिने याला जन्म दिला!”

“मघाशी तर ती कोपऱ्यावर उभी होती,” मावशी म्हणाली. कोणी ऐकलं नाही.

तिचं लक्ष मुलाकडे होतं. पाहुण्यांचे खेळाडू त्याच्या अंगावर ओरडत होते. त्यांच्याकडे तो बघतही नव्हता. तो पडलेल्या खेळाडूकडे बघत होता. तो गडी उठून आता अगदी मजेत चेंडू जागेवर ठेवत होता. मग मुलाचा हात कानाकडे गेला आणि त्याने पाळी धरली. मावशीने ते ओळखलं. दुधाची कळशी लवंडली तेव्हा, शेजारणीची काच फुटली तेव्हा, कोणी विचारायच्या आत त्याचा हात असाच कानाकडे जायचा.

“अरे, नको,” ती पुटपुटली. तोंडातून निघून गेलं आणि तिला स्वतःचाच राग आला.

तो चालत रेषेवरच्या झेंडेवाल्याकडे गेला. दोघं बोलले. झेंडेवाल्याने मान हलवली. चेंडू अजून मारलेला नव्हता. तोवर रेफ्रीला निर्णय बदलता येतो. तो परत आला, दोन्ही हात आडवे केले, चेंडू उचलला आणि पाहुण्यांच्या गोलकीपरकडे दिला. पेनल्टी नाही.

मग बाटल्या पडायला लागल्या.

न्हावी उभा राहून रेफ्रीची आई काढायला गेला. अर्धी काढली आणि मावशीकडे बघून मटकन खाली बसला.

लठ्ठ माणसाच्या डोळ्यांत पाणी होतं. “एकदा दिलेलं परत घेतात का कुठे, आजी?”

“चुकून जास्त पडलं तर घ्यायचं परत,” मावशी म्हणाली. “मागे रांग असते.”

सामना बरोबरीत सुटला. पोलिसांनी ढाली डोक्यावर धरून रेफ्रीला आत नेलं. मावशी तो दिसेनासा होईपर्यंत उभी होती. मग तिने पेपरची घडी नीट झटकून लठ्ठ माणसाला परत केली.

मुलगा घरी आला तेव्हा ती स्वयंपाकघरात शेंगा सोलत होती. शाल पेटीत गेली होती.

“कसा झाला सामना?”

“बरोबरी.” त्याच्या कपाळावर चिकटपट्टी होती. “चुकलो, आई. मग सुधारलं.”

“सुधारलं ना? मग झालं तर.”

“तसं नसतं गं. रेटून नेलं असतं तर अर्ध्या लोकांनी बरोबर म्हटलं असतं. सुधारलं म्हणजे चुकलो होतो हे मीच सगळ्यांना सांगितलं. समितीचा माणूस तेच लिहून घेऊन गेला.”

मावशीने सोललेले दाणे पुढे सरकवले. “आणि ऊन? ऊन होतं का?”

तो दाणे खायचा थांबला. आईकडे बघितलं. ती शेंगाच सोलत होती.

“होतं,” तो म्हणाला. “फार.”

“असेल.”

समितीने त्याला खालच्या गटात टाकलं. कारण दिलं: निर्णयात ठामपणा नाही. सून दोन दिवस भांडी आपटत होती.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी तो पिशवी भरून निघाला, तर दारात मावशी उभी. ठेवणीतली शाल, काखेत स्वयंपाकघरातलं बुटकं स्टूल.

“आई, तिथं ऊन—”

“असू दे. मला चालतं.”

मैदान कसलं, माळच होता. स्टँड नाही, दोरी बांधलेली. एका बाजूला वीसपंचवीस माणसं, दोन सायकली आणि एक कुत्रं. मावशीने दोरीला लागून स्टूल टाकलं. खरोखरच रणरणतं ऊन होतं.

थोड्याच वेळात कोणाचा तरी बाप दोरीवरून वाकून ओरडला, “ए रेफ्री, तुझ्या आई—”

शेजारच्याने त्याला कोपराने ढोसलं आणि स्टुलाकडे डोळ्याने खुणावलं. त्या माणसाने तोंड मिटलं. मावशीने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

“बोल की. अडलास का?”

“नाही... म्हटलं, तुमच्या आईंना सावलीत बसवा.”

मैदानात शिट्टी वाजली. मुलाने हात करून फाउल दाखवला, आणि हात खाली आणता आणता दोरीकडे एकदा बघितलं. तो फाउल नव्हता. मावशीने डोळ्यांनी बघितलं होतं, तिच्यापासून चार हातांवर. खेळणाऱ्या पोराचा पाय चेंडूलाच लागला होता. तिच्या जिभेवर आलं होतं सगळं.

तिने शाल डोक्यावरून पुढे ओढली आणि गप्प बसली.