माझ्या हाताला चव नाही

दामिनीचं बारसं २०१९च्या वैशाखात झालं. त्या बारशासाठी म्हणून मी कंधारहून लातूरला आले आणि परत गेलेच नाही. दामिनी माझी नात, वीरेशची मुलगी. मालक जाऊन तीन वर्षं झाली होती आणि कंधारच्या घरात मी एकटीच होते. वीरेश म्हणाला, आई, आता इथंच राहा. मी राहिले.

माझ्या हाताला चव नाही, हे मला लग्नानंतरच्या पहिल्या येळवशीला कळलं होतं. मार्गशीर्ष अमावास्येला आमच्याकडं सगळं गाव शेतात जेवायला जातं. कडब्याची खोप, वाला-तुरीच्या दाण्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर आणि मडकंभर आंबील. बाकीचं थोडं इकडंतिकडं झालं तर चालतं, पण ताकात आंबवलेल्या ज्वारीच्या पिठाची ती आंबील बिघडली तर येळवस बिघडली. त्या वर्षी सासूबाईंनी आंबील माझ्याकडं दिली. मी सोळा वर्षांची. शेतात मामंजींनी पहिला पेला तोंडाला लावला आणि बांधापलीकडं थुंकले. मीठ दुप्पट पडलं होतं. मी एकदाच घातलं होतं, पण नव्या सुनेला कोण विचारतो? माझी थोरली नणंद बसम्माक्का तेव्हा चोवीस वर्षांची. तिनं सगळ्यांसमोर निकाल देऊन टाकला, “हिच्या हाताला चव न्हाई.”

अक्कांचं सासर आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडं, त्यामुळं लग्न होऊनही माहेरची चूल त्यांच्या हातून सुटली नव्हती. त्यानंतर दर येळवशीला आंबील आणि भज्जी अक्का करायच्या आणि मी वालाच्या नि तुरीच्या शेंगा सोलायची. अशी सत्तेचाळीस वर्षं गेली. घरातला रोजचा स्वयंपाक मीच करत होते. तो सगळे मुकाट्यानं जेवायचे. एकदा मालकांनी भरलं वांगं दुसऱ्यांदा मागून घेतलं, तर मला वाटलं यांना ताप आहे की काय.

बावन्नाव्या वर्षी मी साक्षरतेच्या वर्गाला जाऊ लागले. बाईंनी सांगितलं, स्वतःबद्दल एक ओळ लिहा. मी लिहिलं, “माझ्या हाताला चव नाही.” बाईंनी बरोबरची खूण केली. मलाही त्यात काही चूक दिसली नाही.

लातूरला आमच्या समोरच्या घरात बिलकीस राहते. तिचा नवरा चांदपाशा टेलर. पहिल्याच वर्षी येळवशीच्या आधी ती दारात उभी राहिली. तिच्या माहेरी चाकूरला शेजारच्या शेतातून दरवर्षी आंबील यायची, इथं कुणी देत नाही, म्हणून या वर्षी मी तिच्यासाठी करावी, असं तिचं म्हणणं होतं. मी तिला माझ्या हाताची हकीकत सांगितली. तिनं सगळी ऐकून घेतली.

“हात काय चाटून बघायचाय का अम्मा?” ती म्हणाली. “आंबील प्यायची हाय.”

वीरेश आणि सून हसायला लागले. आता नाही कसं म्हणणार? केली. बिलकीस तिथंच उभ्यानं दोन पेले प्यायली आणि तिसरा चांदपाशासाठी नेला. संध्याकाळी गल्लीतल्या तीन बायका भांडी घेऊन आल्या. मला वाटलं, शहरातली माणसं, तोंडावर कशी वाईट म्हणतील. पण दुसऱ्या वर्षी त्या न सांगता आल्या, आणि तोंडावर गोड बोलायला कुणी एवढं मोठं पातेलं आणत नाही. तिसऱ्या वर्षापर्यंत पोरं मला आंबीलवाली आजी म्हणू लागली. सून कुणाला पत्ता सांगताना “आंबीलवाल्या आजींचं घर” असं सांगायची. माझ्यात काय फरक पडला ते मला लगेच कळलं नाही. बिलकीस म्हणाली, अम्मा, पहिल्यांदा आलात तेव्हा भिंतीच्या कडेकडेनं चालत होता, आता रस्त्याच्या मधून चालता, रिक्षावाले हॉर्न देऊन राहिलेत.

मग बसम्माक्कांचा फोन आला. पौष लागायच्या आधीची, म्हणजे २०२४च्या जानेवारीतली येळवस त्या आमच्याबरोबर करणार होत्या. वीरेशचे सासरे ईश्वरप्पा यांचं शेत चाकूरला आहे, तिथं आम्ही सगळे जाणार होतो. बिलकीसच्या घरचेही येणार होते.

त्यांनी येऊ नये असं मला वाटत होतं. अक्का वाईट नव्हत्या. माझ्या दोन्ही बाळंतपणांत त्यांनीच माझं केलं. पण त्या एकदा ते वाक्य गल्लीत बोलल्या की संपलं. साडेचार वर्षांत मी जी कुणी झाले होते ती एका वाक्यात जाणार, आणि मीही मान हलवून हो म्हणणार, हे मला पक्कं माहीत होतं.

येळवशीच्या आदल्या दिवशी दुपारी अक्का स्वयंपाकघरात आल्या, पदर खोचला आणि विचारलं, पीठ कुठं हाय. मी सांगणार होते, अक्का, इथं आंबील मी करते. वाक्य तयार होतं. पण तेवढ्यात मी काय केलं, तर कोपऱ्यातली शेंगांची टोपली ओढली आणि भिंतीला पाठ लावून खाली बसले. मला कुणीच बस म्हटलं नव्हतं. हातानं शेंग उचललीसुद्धा. सून माझ्याकडं बघतच राहिली. बिलकीस ताक घेऊन आली होती, ती दारातच थांबली आणि म्हणाली, “अम्मा, तुम्ही तिकडं कशाला?”

मी म्हटलं, शेंगा राहिल्यात. सुनेनं बिलकीसला डोळ्यांनी खुणावलं आणि दोघी बाहेर गेल्या.

मी शेंगा सोलत होते आणि अक्कांच्या पाठीकडं बघत होते. त्यांनी मीठ घातलं. ढवळलं. जिरं-लसूण कुटून टाकलं. थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या, मग पुन्हा मिठाच्या डब्यात हात घातला. मी पुढची शेंग सोलली. सत्तेचाळीस वर्षांची सवय होती. मग त्यांनी पळीभर घेऊन चाखलं, पुन्हा चाखलं आणि मागं न वळता म्हणाल्या, “कस्तुरा, इकडं ये. जरा चाखून सांग.”

आजवर त्यांनी मला कधी चाखायला दिलं नव्हतं. मी उठले. पळी तोंडाला लावली आणि डोळे मिटले.

“मीठ दोनदा पडलंय, अक्का.”

त्या स्टुलावर बसल्या. मग हळू आवाजात सांगितलं की दोन वर्षांपासून त्यांच्या जिभेला काही कळत नाही. खारट काय, अळणी काय, सगळं सारखंच लागतं. घरात कुणाला सांगितलेलं नाही. कंधारला अजून सगळे बोटं चाटून खातात आणि बसम्माच्या हातची चव म्हणतात. त्यात मीठ आहे की नाही ते देवालाच ठाऊक. सांगून टाकलं तर मग मी कोण, असं त्या म्हणाल्या. हे ऐकून मला हसावं की रडावं कळेना.

“दोनदा पडलं का,” त्या पुन्हा म्हणाल्या. या वेळी माझ्याकडं नीट बघून. “तवासारखं.”

माझ्या पहिल्या येळवशीला दुसऱ्यांदा मीठ कुणी घातलं होतं ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. पण आधी त्यांचा खांदा हलला, मग माझा, आणि आम्ही दोघी अशा हसलो की सून धावत आत आली. तिला वाटलं काही सांडलं.

मीठ काही काढता येत नाही, म्हणून आम्ही आंबील वाढवली. मी दुसरं पीठ कालवलं, बिलकीसनं आणखी ताक आणलं, आणि अक्कांनी टोपली स्वतःच्या मांडीवर घेतली. एका मडक्याची दोन मडकी झाली. एवढी पिणार कोण म्हणून चांदपाशानं आणखी दोन घरांना यायला सांगून टाकलं. टेम्पो करावा लागला.

शेतात पूजा झाली, पंगत बसली. ईश्वरप्पांनी तीन पेले घेतले आणि अक्कांना हात जोडून म्हणाले, कंधारच्या हाताची चव ऐकून होतो, आज कळली. अक्कांच्या तोंडाकडं मी बघत होते. त्यांना नुसतं हसून घेता आलं असतं. मी काही बोलणार नव्हते.

“माझी न्हाई, हिची हाय,” अक्का म्हणाल्या. “मी शेंगा सोलल्या.”

“तरीच भज्जीत सालं लागून राहिलीत,” बिलकीस म्हणाली. सगळी पंगत हसली. सगळ्यांत मोठ्यानं अक्का हसल्या.

तेवढ्यात दामिनी आजोबांसाठी चौथा पेला घेऊन निघाली आणि ढेकळाला अडखळून पडली. आंबील तिच्या फ्रॉकवर. सून वैतागून म्हणाली, ही अशीच, धांदरट. मीही तेच म्हणणार होते, खोटं कशाला सांगू.

अक्कांनी पोरीला जवळ ओढलं आणि पदरानं पुसलं. “तसं म्हणू नको गं,” त्या सुनेला म्हणाल्या. “आपण एकदा म्हणून मोकळं होतो. लेकरू जन्मभर तसंच वागून राहतं.” मग दामिनीच्या हातात दुसरा पेला दिला. तिनं तो दोन्ही हातांनी धरला, जीभ बाहेर काढून पावलं मोजत चालली आणि ईश्वरप्पांपर्यंत नेला. निम्माच पोचला, पण पोचला.

अक्का आठ दिवस राहिल्या. रोज सकाळी शेंगांची टोपली घेऊन बसायच्या. फार हळू सोलायच्या. मी एकदा म्हटलंच, अक्का, तुमच्या बोटाला वेग न्हाई. त्यांनी माझ्या अंगावर मूठभर टरफलं फेकली.

बसम्माक्का शुक्रवार, १३ सप्टेंबर २०२४ रोजी सकाळी कंधारला, राहत्या घरी वारल्या. वय शहात्तर.