श्वासाची साक्ष

"तपासणीअंती अर्जदार व्यक्तीस दुधातील साखरेचे पचन होत असल्याचे आढळले. सबब, स्वतंत्र भोजनव्यवस्थेची विनंती अमान्य करण्यात येत आहे."

या दोन वाक्यांवर तिने भिंग ठेवले. खरे तर भिंगाची गरज नव्हती. अक्षरे छापील होती, आणि वैद्यकीय मंडळाचा शिक्का इतका ऐसपैस होता की खोलीच्या दारातूनही वाचता आला असता. पण हाताला सवय होती. जुन्या दस्तऐवजांतले बनाव उघडे पाडणे हा तिचा व्यवसाय, आणि अभिलेखागारात तिच्या पाठीमागे तिला 'चाळणी' म्हणत. तोंडावर म्हणण्याची कोणाची छाती नव्हती.

पहिली हरकत 'आढळले' या शब्दाला. कोणाला आढळले? ज्या वाक्याला कर्ता नसतो त्याला जबाबदारीही नसते, हे तिने शेकडो सनदा तपासून शिकलेले होते. दुसरी हरकत 'सबब'ला. एका दुपारच्या तपासणीवरून एका माणसाचे अर्धे आयुष्य रद्द करण्याइतके वजन त्या तीन अक्षरांना कोणी दिले? तिसरी हरकत तिने मनातच ठेवली, कारण ती हरकत नव्हती, संताप होता.

दूरच्या एका ग्रंथालयात हिवाळाभर राहून काम करण्याची संधी तिला या वर्षी मिळाली होती. तिथली हस्तलिखिते पाहायला मिळावीत म्हणून तिने तरुणपणापासून अर्ज केले होते. त्या ग्रंथालयाच्या वसतिगृहात सगळ्यांसाठी एकच स्वयंपाक होई आणि त्यात सुपापासून पावापर्यंत प्रत्येक गोष्टीत दूध, लोणी नाहीतर साय. तिने फक्त वेगळे ताट मागितले होते. मंडळाने पुरावा मागितला. पुराव्याने तिलाच खोटे पाडले. आता प्रवास तर गेलाच होता, पण त्याहून मोठे काहीतरी पणाला लागले होते: तिचा शब्द. विभागप्रमुखांनी व्हरांड्यात हसत हसत विचारलेही होते,

"म्हणजे इतकी वर्षं आम्ही तुमच्यासाठी वेगळी किटली उगाच ठेवली म्हणायची?"

उगाच. तिने त्या शब्दाचा हिशोब मनात मांडून पाहिला. कोणत्याही नव्या इमारतीत शिरल्यावर आधी स्वच्छतागृह कुठे आहे ते पाहून ठेवणे. चर्चासत्रात दाराजवळची खुर्ची. पाकिटामागची बारीक अक्षरे वाचण्यासाठी पर्समध्ये दुसरे भिंग. जेवायला बोलावणाऱ्यांचे पडलेले चेहरे, आणि त्या चेहऱ्यांनी एकमुखाने मान्य केलेला सिद्धान्त, की थोड्याने काही होत नाही. थोड्याने काय होते हे सभ्य भाषेत सांगता येत नाही, म्हणूनच तो सिद्धान्त इतका टिकला. पोट नगाऱ्यासारखे ताणले जाते, आत कोणीतरी कपडे पिळावेत तशी आतडी पिळवटतात, आणि विद्वान स्त्री आपला निबंध अर्ध्यावर सोडून, चेहऱ्यावर स्मित राखून, सभागृहाबाहेर भराभर चालू लागते. यालाच नात्यागोत्यात 'हिची नाटकं' असे नाव होते.

असत्य वाक्य तीनच कारणांनी लिहिले जाते, असे ती विद्यार्थ्यांना सांगे. लिहिणारा चुकतो, किंवा त्याच्याकडे आलेली माहिती चुकीची असते, किंवा कोणीतरी लबाडी करतो. तिने कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि ती तपासणी केंद्राकडे निघाली.

केंद्रातली तंत्रज्ञ बाई जाडसर, चष्मा कपाळावर चढवलेली आणि कशानेही न दचकणारी होती. हरकती तिने ऐकून घेतल्या आणि एकेक करून परत केल्या. नमुन्यांची अदलाबदल झाली नव्हती. आदल्या दिवशीचे पथ्य पाळले गेले होते, हे अर्जदार बाईंनीच सांगितले होते. जंतू मारणारे औषध त्यांनी बरेच महिने घेतलेले नव्हते. काहींच्या पोटात निराळाच वायू होतो हे खरे, पण यंत्र दोन्ही वायू मोजत होते. मग तिने स्वतःहूनच सांगितले, की शंका असेल तर पुन्हा करू, पथ्य पाळून उद्या उपाशीपोटी या.

दुसऱ्या दिवशी ती गेली. ग्लासातले पाणी ढगाळ होते आणि किंचित गोड, इतके किंचित की त्याला चव म्हणावे की आठवण, कळू नये. ते तिने पिऊन टाकले. मग ठराविक वेळाने एका पिशवीत श्वास सोडायचा.

"फुंकर नको मॅडम, लांब श्वास सोडा. समोर केक नाहीये."

तिने लांब श्वास सोडला. रिकाम्या वेळात काही तरी विचारायचे म्हणून तिने विचारले, की पोटातली गोष्ट श्वासात कशी येते. बाईने चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. तिला हा प्रश्न कोणी विचारत नसावे.

"ही साखर तोडायला एक कात्री लागते. तान्हं असताना प्रत्येकाच्या आतड्यात असते. मोठं झाल्यावर बहुतेकांची बोथट होते. जगात तुमच्यासारखेच जास्त आहेत मॅडम, म्हातारपणीही दूध पचवणारेच वेगळे. मग न तुटलेली साखर जाते खाली. तिथे राहणारे जंतू तिच्यावर तुटून पडतात. त्यांनी खाल्लं की वायू होतो, तो रक्तात जातो, रक्तातून फुप्फुसात, आणि तुम्ही तो माझ्या पिशवीत सोडता. त्यांचा ढेकर, तुमचं नाक."

ती हसली नाही. तिने हातातल्या पिशवीकडे पाहिले. आयुष्यभर तिने शाईचा रंग, कागदाची वीण, खरवडलेल्या अक्षराखालचे अक्षर वाचले होते. आणि तिच्या स्वतःच्या आत, जिथे कोणतेही भिंग पोहोचत नाही तिथून, एक अख्खी वसाहत प्रत्येक निःश्वासागणिक बातमी पाठवत होती. ती बातमी ती इतकी वर्षे हवेत सोडून देत आली होती. बोलताना, व्याख्यान देताना, भांडताना. तिला आपल्या देहाविषयी आजवर चीड वाटली होती, लाज वाटली होती. आज पहिल्यांदाच एखाद्या अपरिचित लिपीसमोर वाटावा तसा आदर वाटला. तिने पिशवी परत देताना दोन्ही हातांनी दिली.

मग ती वेदनेची वाट पाहू लागली. वेदना येणार हे तिला पाठ होते. आधी बेंबीपाशी गुरगुर, मग कळ. तिने खुर्चीचे हात धरून ठेवले. भिंतीवरचे घड्याळ पुढे सरकत राहिले. शेजारच्या खोलीत कोणीतरी खोकले, बाहेर एक गाडी मागे घेताना किणकिणली. पोट गप्प होते. पहिल्या तपासणीच्या वेळीही ते गप्पच राहिले होते, हे तिला आता आठवले. तेव्हा ती घाईने घरी गेली होती, शेकायची पिशवी घेऊन पडून राहिली होती, आणि काहीच झाले नाही तेव्हा त्याला तिने योगायोग म्हटले होते. नको असलेल्या पुराव्याला योगायोग म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला तिने नापास केले असते.

"यंत्र ठीक आहे?"

"तुमच्या आधीच्या काकांच्या वेळी आकडा छताला टेकला होता," बाई म्हणाली. "तुमचा हललाच नाही."

"मग मी इतकी वर्षं आजारी पडत होते ते काय होतं?"

बाईने खांदे उडवले नाहीत, याबद्दल ती नंतर बराच काळ तिची ऋणी राहिली. बाईने सरळ उत्तर दिले. कात्री पुन्हा धार धरत नाही. पण ही साखर रोज थोडी थोडी पोटात जात राहिली, हळूहळू वाढत गेली, तर खालची वस्ती बदलते. वायू करणारे मागे पडतात, गुपचूप खाणारे वाढतात. अट एवढीच, की सुरुवात चिमटीने करावी लागते. एकदम दिले तर माणूस आडवा होतो.

तिने सांगितले, की हे अशक्य आहे. ती घराबाहेरचा घास घेत नाही, आणि घरात येणारे प्रत्येक पाकीट स्वतः वाचते.

"मग घरातूनच जात असेल," पिशवीवर चिठ्ठी चिकटवत बाई म्हणाली. "स्वयंपाक कोण करतं?"

ती पायीच निघाली. रस्ता रोजचाच होता. बेकरीच्या काचेसमोरून ती नेहमी एखाद्या परक्या देशाच्या वकिलातीसमोरून जावे तशी जात असे. आज ती तिथे थांबली. सायीचे थर दिलेले केक ओळीने मांडलेले होते. तिच्या आत एक लोकसंख्या, जिची मोजदाद करताना पृथ्वीवरची माणसे किरकोळ ठरावीत, आपले रीतिरिवाज बदलून मोकळी झाली होती. ठराव नाही, सूचना नाही, गडबड नाही. असंख्य पिढ्या जन्मल्या, मेल्या, शिकल्या, आणि त्यांच्या मालकिणीला पत्ता नव्हता. तिला रस्त्यात उभ्या उभ्या गहिवरल्यासारखे झाले. त्याच वेळी ती काचेपासून एक पाऊल मागे सरली, कारण त्या लोकसंख्येला कोणीतरी रोज, न चुकता, जेवू घातले होते.

तिचा नवरा स्वयंपाकघरात वाटाणे सोलत बसला होता. तो निवृत्त भूलतज्ज्ञ. रुग्णालयात त्याच्याविषयी एक गोष्ट कौतुकाने सांगत: ऐकू न येणाऱ्या एका म्हातारीला संमतीपत्रातली ओळ न् ओळ त्याने कानाशी ओरडून वाचून दाखवली होती, आणि तिने अंगठा देईपर्यंत सुई उचलली नव्हती. निवृत्तीनंतर त्याने स्वयंपाकाचा ताबा घेतला. बायको पुस्तकात डोके घालून करपवते, तेव्हा आता मी बघतो, असे म्हणून.

"आलीस? कॉफी टाकू?"

"तुम्ही बसा," ती म्हणाली.

लग्नानंतर तिने त्याला कधी 'तुम्ही' म्हटले नव्हते. त्याने हातातली शेंग खाली ठेवली.

तिने आवाज चढवला नाही. अभिलेखागारात एखाद्या संशयित कागदाच्या मालकाशी बोलावे तसे तिने प्रश्न विचारले, आणि त्याने एकही प्रश्न टाळला नाही. दूध नव्हे, दुधातली नुसती साखर. औषधाच्या घाऊक दुकानात पांढरी भुकटी मिळते. सकाळच्या ओटच्या लापशीत आणि कॉफीत. ओळखू येत नाही, भिंगालाही नाही. चिमूट सुरीच्या पात्याने सपाट करून घालायची. ज्या दिवशी तिचा हात पोटाकडे गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी निम्मी. मग पुन्हा वाढवत न्यायची. न्याहारीच्या टेबलावर तो समोर बसून विचारत असे, रात्री झोप कशी लागली. तिला तो प्रश्न प्रेमाचा वाटत आला होता. आता कळले की तो खाटेशेजारी उभ्या असलेल्या डॉक्टरचा होता. आणि मग, तिची इच्छा नसताना, हेही कळले की त्यामुळे तो प्रेमाचा नव्हता असे ठरत नाही.

"आधी सांगितलं असतं तर?" तिने विचारले.

"तर भीतीनंच तुझं पोट आवळलं असतं. पुढं जाताच आलं नसतं." तो थांबला. "आता तू कुठंही जाऊ शकतेस. वेगळं ताट मागायलाच नको. हिवाळाभर राहा, समोर येईल ते खा."

तिने टेबलाच्या कडेवर बोट फिरवले. एक माणूस ऋतूमागून ऋतू, एकाही सकाळी न कंटाळता, सुरीच्या पात्यावर भुकटी सपाट करत राहिला. शिल्पकारही इतका धीर धरत नाहीत. तिला त्या हातांचा धाक वाटला. संताप कुठे गेला नव्हता. पण त्याच्या शेजारी, त्याच्याच उंचीचे, काहीतरी येऊन उभे राहिले होते. ती कदाचित उठून गेलीही असती. कॉफी टाक म्हणाली असती. पण बनावाचा कागद कितीही देखणा असला तरी त्याची पहिली ओळ पुन्हा वाचल्याशिवाय ती तो खाली ठेवत नसे.

"सुरुवात किती?" तिने विचारले.

त्याने टरफले एका बाजूला केली.

"पहिल्या दिवशी," ती म्हणाली, "किती घातलीत?"

तो उठला. मोरीपाशी जाऊन त्याने हात धुतले, कोपरापर्यंत, बोटांच्या बेचक्यांतून, सावकाश. मग हात न पुसताच तिच्यासमोर येऊन उभा राहिला. त्यानंतर तो जे बोलला ते तिने मध्ये न तोडता ऐकून घेतले. ते असे:

"दोन चमचे. भरून. चिमूटबिमूट मला नंतर सुचली. पहिल्या दिवशी मला तुला बरं करायचं नव्हतं, पकडायचं होतं. इतकी वर्षं मी तुझ्या बाजूनं मान डोलवत आलो, लोकांशी भांडलोसुद्धा, पण आतून मलाही वाटायचं की हे सगळं तुझ्या डोक्यात आहे. म्हटलं, न सांगता देऊ, काही होणार नाही, मग शांतपणे तुझ्यासमोर ठेवू. दुपारी तू न्हाणीघराच्या फरशीवर पडली होतीस, घामानं भिजलेली, आणि मी तुझं डोकं धरलं होतं. तेव्हाच मला कळलं, तू पहिल्या दिवसापासून खरं बोलत होतीस. तू मला विचारलंस, 'तू केलेलं सोडून मी काहीच खाल्लं नाही रे, मग हे आलं कुठून?' आणि मी म्हणालो, पाणी बाधलं असेल."